कालवण पोचले, चव कळवा

बावीस वर्षांच्या संसारात मी बायकोच्या स्वयंपाकाबद्दल एकच शब्द वापरला, तो म्हणजे 'बरं'. आमटी बरी, भाजी बरी, पुरणपोळी बरी, आणि ज्या दिवशी भात करपला त्या दिवशी तोही, भांडण नको म्हणून, बरा. याला कुणी माझा रुक्षपणा म्हणतं. माझं म्हणणं असं की हा खात्याचा संस्कार आहे. मी भाईंदरच्या पोस्टात तारेच्या टेबलावर बसतो. लोकांचे जन्म, मरणं, नोकऱ्या आणि जुळलेली लग्नं दिवसभर दहा शब्दांत कोंबून पुढं पाठवायची, हे माझं काम. 'बाबा, तुमच्या आठवणीनं जीव कासावीस होतो, जमलं तर गणपतीला या' असं लिहून आणणाऱ्याला मी 'गणपतीस या' एवढ्यावर आणून सोडतो, आणि तो वर माझे आभार मानतो. असल्या माणसानं घरी येऊन वांग्याच्या भरतावर किती बोलावं?

हे सांगायचं कारण असं की अडुसष्ट साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, चवीचं वर्णन करून सांगायच्या कामावर माझी नेमणूक झाली. त्या कामात माझी जी शोभा झाली ती सगळीच्या सगळी माझ्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

सुगंधाला, म्हणजे माझ्या बायकोला, त्या भाद्रपदात घशाचा कॅन्सर निघाला. जिभेच्या मुळाशी. दिवाळी झाल्यावर परळच्या इस्पितळात कोबाल्टचा शेक सुरू झाला, आठवड्यातले पाच दिवस, एकूण सहा आठवडे. 'शेक' म्हटल्यावर आमच्या चाळीची समजूत झाली की गरम पाण्याच्या पिशवीसारखं काहीतरी असणार. शेजारच्या गोदूबाई तर मनापासून चिडल्या. "एवढ्यासाठी रोज परळला? अहो, वीट तापवून फडक्यात गुंडाळली की शेक! मी देते की घरी!" त्यांना मशीन, किरण वगैरे समजावता समजावता मला स्वतःलाच त्यातलं काही कळत नसल्याचा शोध लागला.

शेक नेमका कुठं द्यायचा ते कळावं म्हणून सुगंधाच्या गळ्यावर जांभळ्या शाईनं रेघा मारल्या होत्या, आणि त्या पुसू नका अशी ताकीद होती. दुसऱ्या आठवड्यातल्या रविवारी मी पाणी भरायला खाली गेलो असताना गोदूबाईंनी मायेपोटी तिचा गळा खोबरेल आणि डाळीचं पीठ लावून लख्ख केला. "कसले हो डाग पाडलेत पोरीच्या गळ्यावर! घासूनसुद्धा अर्धेच निघाले." सोमवारी मशीनवरच्या माणसानं त्या अर्ध्या रेघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शिकलेले दिसता," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते कौतुक वाटलं नाही. रेघा पुन्हा मोजून मारण्यात दोन तास गेले आणि माझी दुपारची पाळी बुडाली.

तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं, थुंकी आटली आणि चव गेली. तोंडाला पाणी सुटतं असं आपण सहज म्हणतो. ते पाणी खरोखर असतं आणि ते गेलं की घास तोंडात नुसता फिरत राहतो, हे मी तेव्हा पाहिलं. दूध खडूच्या पाण्यासारखं लागतं, केळं साबणासारखं लागतं, आणि पेज तर कशासारखीच लागत नाही, असं सुगंधा म्हणायची. त्या "कशासारखीच नाही"चा तिला सगळ्यात जास्त राग यायचा.

डॉक्टरांनी तिखट, आंबट, गरम सगळं बंद केलं होतं. दूध, फेटलेलं अंडं, पेज, कुस्करलेलं केळं, दर दोन तासांनी थोडं थोडं, आणि मधूनमधून मीठ-सोड्याच्या पाण्यानं चुळा. मी रद्द झालेल्या तारेच्या फॉर्मांच्या पाठीवर आहाराचं वेळापत्रक आखलं, लाल शाईनं चौकटी केल्या आणि ते भिंतीवर डकवलं. सुगंधानं ते शेवटपर्यंत वाचलं.

"हे कोण खाणार?"

"तू."

"अक्षर छान आलंय," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. हळद घालून दूध द्या, दूध मुळीच देऊ नका, पपईच्या पानांचा रस द्या. समोरच्या एका गृहस्थांनी तर शीर्षासन सुचवलं. उत्तनहून टोपली घेऊन येणारी आयडा कोळीण बारा वर्षं आमच्या दारात मासे घालत होती. तिनं चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि मला येऊन सांगितलं, "माश्टर, तुमचा देव हाय, आमचा पन हाय. दोगांना कामाला लाव."

त्यातच कुणीतरी सांगितलं की डॉक्टरांचा दाखला दाखवला की आजारी माणसाला रेशनवर जादा साखर मिळते. मी एका कचेरीत तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला त्यांनी रोग्याची सही मागितली. दुसऱ्या खेपेला रोगी सही करण्याइतका ठीक असेल तर जादा साखर कशाला, असं विचारलं. तिसऱ्या खेपेला साखर मंजूर झाली, आणि बरं वाटू लागताच तसं लेखी कळवीन, अशी माझ्याकडून हमी घेण्यात आली. ती हमी मी इतक्या आनंदानं लिहून दिली की कारकून संशयानं पाहू लागला. घरी येऊन दुधात ती साखर घातली. सुगंधानं एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "गोड आहे का हो?" तिनं विचारलं. ती खरंच विचारत होती.

पाचव्या आठवड्यापर्यंत तिचं वजन पंचेचाळीसवरून साडेअडतीसवर आलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुढच्या सोमवारी अडतीसच्या खाली गेलं तर शेक थांबवावा लागेल. नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. आणि शेक मधेच थांबवणं चांगलं नाही." हे बाजूला सांगितलेलं सुगंधानं बरोबर ऐकलं. दादरला आम्ही गाडी बदलली. मग ती म्हणाली, "नळी नको हो. नळीनं पोटात गेलेलं, त्याला खाल्लं म्हणायचं का?"

आता माझं सांगतो, कारण तेही सांगितलं पाहिजे. आमची मंदा लग्न होऊन बडोद्याला गेलेली, घरात आम्ही दोघंच. सुगंधा पडून असल्यापासून मी डाळ-तांदूळ एकत्र शिजवून खात होतो. त्या खिचडीला चव नव्हती, पण त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मला आठवत होता तो तिचा एक प्रश्न. ताट वाढून ती समोर बसायची आणि पहिल्या घासाला विचारायची, "कसं झालंय?" मी पेपरातून मान वर न काढता 'बरं' म्हणायचो. बावीस वर्षं हे रोज, दोन वेळा. आता कुणी विचारत नव्हतं. मी एकटा पाटावर बसून घास घ्यायचो आणि मान वर करायचो, आणि समोर भिंतीवर माझंच वेळापत्रक असायचं. मला तिची फार आठवण यायची, आणि ती तर आठ हातांवर पलंगावर पडलेली होती.

डॉक्टरांनी हे सांगितलं त्याच सोमवारी संध्याकाळी आयडा टोपली रिकामी करून वर आली. "बाय खात न्हाय म्हनून तू पन न्हाय खायाचा? मंग दोगांना कोन उचलंल?" असं म्हणून तिनं घरून करून आणलेलं बांगड्याचं कालवण माझ्यासमोर ठेवलं. तिच्या घरचा बाटलीत भरून ठेवलेला मसाला, आणि वास असा की मला सुगंधासमोर ते उघडायचीही लाज वाटली. मी वाटी घेऊन गॅलरीत गेलो आणि भिंतीकडे तोंड करून खाऊ लागलो.

"अहो," आतून आवाज आला. "चोरून काय खाताय?"

"काही नाही. बांगडा."

"इकडे येऊन खा."

"तुला त्रास होईल."

"इकडे या म्हणते ना."

मी आत येऊन बसलो. तिच्या हातात पेजेची वाटी होती, तीन चमचे गेलेली.

"कसा झालाय?"

"बरा."

"बरा म्हणजे काय? तिखट आहे? आंबट आहे? कोकम घातलंय की चिंच?"

मी एक घास घेऊन विचार केला. "आंबट आहे."

"ते कळलं. आधी आंबट लागतं की मागाहून?"

असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी दुसरा घास घेतला, डोळे मिटले आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "आधी तिखट. आंबट मागाहून. नाकात काहीतरी जातंय."

"म्हणजे मिरी आहे. आणि रस्सा दाट की पातळ? अहो, बोटाला चिकटतो का बघा!" ती मला झापत होती आणि झापता झापता चमचा तोंडात घालत होती. मी बोटाला रस्सा लावून उजेडात धरला, चोखला, कबुलीजबाब दिले. शेवटी ती वैतागून म्हणाली, "बांगडा खाणाऱ्याला बांगडा सांगता येऊ नये, म्हणजे कमाल आहे," आणि वाटी खाली ठेवली. वाटी रिकामी होती.

तिला ते कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

मंगळवारपासून मी तयारीला लागलो. माझी खिचडी वर्णनाच्या लायकीची नव्हती. 'डाळ आहे, तांदूळ आहे' यापुढं ती जाईना, आणि एवढ्यात दोनच चमचे पेज जाई. म्हणून मी गोदूबाईंकडे शब्द टाकला. त्यांना माझं म्हणणं आधी कळलं नाही, कळलं तेव्हा पदर डोळ्यांना लावला, आणि पदर खाली करून लगेच कोलंबी सोलायला घेतली. संध्याकाळी आयडानं पापलेट आणलं. दोघी दाराशी ठाण मांडून बसल्या. मी पाटावर, सुगंधा पलंगावर, आणि दोघी चमचे मोजतायत. गोदूबाईंच्या कोलंबीला नऊ चमचे गेले. आयडाच्या पापलेटाला चौदा.

गोदूबाईंचा चेहरा पडला. जाताना मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "माझ्या कोलंबीचं तुम्ही नीट सांगितलं नाहीत. नारळ वाटून घातला होता मी. नारळाचं नावसुद्धा काढलं नाहीत."

"काढलं होतं."

"'नारळ आहे' एवढंच म्हणालात. याला काय सांगणं म्हणतात? तिच्या पापलेटाला मात्र डोळे मिटलेत!"

म्हणजे माझ्या डोळे मिटण्याचाही हिशेब ठेवला जात होता. बुधवारी मी कोलंबीला मुद्दाम दोनदा डोळे मिटले. तेव्हा आयडा म्हणाली, "माश्टर, नाटक नको करू."

दोन दिवसांत माझं पोट बिघडलं. दोन वेळा दोन-दोन घरांचं मासळीचं जेवण, तेही चवीकडे लक्ष देऊन, हे माझ्या आतड्यांच्या सेवाशर्तींत बसत नव्हतं. पट्टा मी एका भोकानं सैल केला. पोस्टात तारेच्या यंत्रासमोर बसून करपट ढेकरा देऊ लागलो. इकडे सुगंधा गळ्यापासून काळवंडलेली, हाडं दिसणारी. तिच्याशेजारी गाडीत मी असा बसायचो की पाहणाऱ्याला मीच तिचं खाल्लंय असं वाटावं. आणि पाहणाऱ्यांना तसंच वाटत होतं, हे मला गुरुवारी समजलं.

गुरुवारी सुगंधाचा शेती करणारा धाकटा भाऊ धाकू अलिबागकडून आला. स्टेशनबाहेर चहा पिताना त्यानं आमच्या चाळीची चौकशी केली, तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं, "ते तारमास्तर ना? बायको सुकत चाललीय बिचारी, आणि हा तिच्यापुढं बसून रोज पापलेट झोडतो." धाकू धावतच जिना चढला. त्या क्षणी मी दोन्ही हातांनी कुर्लीचा, म्हणजे खेकड्याचा, नांगा धरला होता, आणि पलंगावरून सुगंधा सांगत होती, "चोखा! नीट चोखा आणि सांगा!"

धाकूनं पिशवी खाली ठेवली. माझ्यापुढचं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. "दाजी," तो म्हणाला, "मी तुम्हाला देवमाणूस समजत होतो." माझ्या हातात अजून नांगा होता, आणि हातात नांगा असताना कोणत्याही माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. सुगंधानं सांगायचा प्रयत्न केला, पण तिचा आवाज बसला होता, आणि धाकूला वाटलं की बहीण नवऱ्याच्या भीतीनं त्याला पाठीशी घालतेय.

मग धाकूचं राज्य आलं. मासे बंद, दारातल्या बायका बंद. जेवताना बोलायचं नाही, कारण आजाऱ्याला शांतता लागते. तो तिच्या उशाशी बसून पोथी वाचायचा आणि मध्ये थांबून प्रेमानं चमचा पुढं करायचा. गुरुवारी रात्रीच्या जेवणाला चार चमचे. शुक्रवारी तीन. शनिवारी सकाळी तिनं तोंडच उघडलं नाही. मी वेळापत्रकाकडे बघत होतो, सोमवारची चौकट लाल होती. मला इतकी भीती वाटली की मी धाकूवर ओरडलो, "अरे, तिला नळी घालतील! खाऊ दे मला!" हे वाक्य किती विचित्र आहे ते गॅलरीतले लोक आत डोकावले तेव्हा माझ्या लक्षात आलं.

गोदूबाईंनी धाकूला खुर्चीवर बसवून सगळं समजावलं. धाकू मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "असं होतं तर मी सांगतो ना. खाण्यातलं मला कळतं."

रविवारी गोदूबाईंनी तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं केलं. धाकू मांडी ठोकून बसला, एक शिंपला उचलला आणि सुरू झाला. काय सांगत होता! खोबरं कुठवर भाजलंय, कांदा दाताखाली येऊन कसा विरतो, मसाला शिंपल्याच्या कडेला कसा धरून राहिलाय. मी बाजूला बसून ऐकत होतो आणि माझा चेहरा उतरत होता. चार दिवस मी 'आंबट मागाहून' एवढ्यावर घर चालवलं होतं. या शेतकऱ्याच्या तोंडून तिसऱ्या अक्षरशः समोर उभ्या राहत होत्या. सुगंधाचे चमचे भराभर जात होते. पाच, सात, नऊ. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्यात जळफळाटही होता, लपवून काय करू?

"ताई, आईच्या हातचंच ग," धाकू रंगात येऊन म्हणाला. "ओहोटीला आपण दोघं तिसऱ्या काढायला जायचो, तुझा परकर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. आई ओरडायची आणि पहिला शिंपला तुझ्याच तोंडात घालायची..."

चमचा थांबला. सुगंधाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तोंडात पेजेचा घोट होता, तो खाली जाईना की बाहेर येईना. तिनं हातानंच धाकूला थांब म्हणून सांगितलं. घोट कसाबसा गिळला आणि वाटी बाजूला ठेवली.

मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुमचं ऐकून रडू येत नाही."

माझ्या चव-सांगण्याला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. मी धाकूसमोरचं ताट ओढून घेतलं, एक तिसरी खाल्ली आणि कळवलं, "खोबरं आहे. तिखट मध्यम. एका शिंपल्यात वाळू."

ती हसली. हसताना तिला ठसका लागला, गोदूबाई धावल्या, आणि सगळं शांत झाल्यावर तिनं वाटी पुन्हा उचलली.

सोमवारी वजनाच्या काट्यावर ती उभी राहिली तेव्हा मी देव, आयडाची मेणबत्ती आणि तिसऱ्या, सगळ्यांची नावं घेतली. काटा अडतीसच्या खाली गेला, वर आला, थरथरला आणि अडतीसवर थांबला. इस्पितळातल्या आहार बघणाऱ्या बाईंनी कार्डावर आकडा लिहून विचारलं, "टिकवलंत बरं का. घरी काय देता?"

"कालवण," मी आनंदाच्या भरात म्हणालो.

"काय?"

"म्हणजे कालवण मी खातो. ही पेज खाते."

बाईंनी माझ्या पट्ट्याकडे पाहिलं. मग सुगंधाकडे पाहिलं. सुगंधानं गंभीरपणे मान हलवली. बाईंनी कार्डावर काय लिहावं याचा बराच विचार केला आणि लिहिलं, 'आहार चालू ठेवावा.'

शेक पुरा झाला. नळी लागली नाही. जखमा हळूहळू भरल्या, गिळताना दुखणं कमी झालं, वजन चाळीसवर आलं, धाकू गावी गेला. चव मात्र आली नाही. "येईल," डॉक्टर म्हणाले. "कुणाला तीन महिने लागतात, कुणाला वर्ष. कुणाची पूर्ण येतही नाही." परत येताना सुगंधानं मला विचारलं, "मी त्यातली कुठली असेन?"

संक्रांतीच्या सुमारास एके दिवशी मी पाळीवरून आलो तर ती स्टोव्हपुढं बसलेली. मला दारातच फोडणीचा आवाज ऐकू आला आणि मी चप्पल न काढता तसाच उभा राहिलो. ती तीन महिन्यांनी स्वयंपाक करत होती. तिनं कालवणात मीठ घातलं, सवयीनं पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटला, थांबली, आणि पुन्हा मीठ घातलं. पुन्हा थेंब चाटला. पुन्हा घातलं. इतकी वर्षं हात अंदाजानं चालतो असं ती सांगायची, पण तो अंदाज जिभेला विचारून चालायचा, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

तिनं ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "कसं झालंय?"

मिठागरांच्या भाईंदरला मिठाचा तोटा नाही, पण त्या दिवशी ते सगळं आमच्या पातेल्यात होतं. माझे कान गरम झाले. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गाल बसलेले, केस विरळ झालेले, आणि डोळे माझ्या तोंडावर लागलेले.

"एकदम बरोबर," मी म्हणालो.

"मीठ?"

"नेमकं."

तिनं जो श्वास सोडला तो ऐकल्यावर मला मागं फिरणं शक्य नव्हतं. ती स्वतः दूधभात खायची, क्वचित वरणभात, तोही नुसता ढकलायचा म्हणून. स्वयंपाक माझ्यासाठी व्हायचा, आणि तो रोज व्हायला लागला. गोदूबाईंनी हौसेनं एकदा चव घेतली, "वा!" म्हणाल्या आणि घरी जाऊन तांब्याभर पाणी प्यायल्या. आयडानं जिन्यात माझा हात धरला. "माश्टर, त्यात मासा हाय का मिठागर?" मी तिला गप्प राहायची शपथ घातली. सुगंधाची पाठ वळली की मी वाटीत पाणी घालायचो, तर ती वळून म्हणायची, "आज रस्सा पातळ का दिसतोय? सांगा ना, पातळ झालाय का?" म्हणजे पाणीही बंद झालं. पोस्टातला माझा माठ दुपारपर्यंत रिकामा व्हायचा. आणि रोज मी तिला चव सांगायचो. आता मला सांगता येत होतं. कोकम कुठं लागतं, लसूण कधी पुढं येतो, मी पाच-पाच मिनिटं बोलायचो. मिठाबद्दल तेवढं खोटं. ती हनुवटीखाली हात घेऊन ऐकायची. कधी म्हणायची, "मला एकदा खायचंय हो, स्वतःच्या हातचं." मी खाली बघून जेवत राहायचो.

एप्रिलातल्या एका रविवारी दुपारी तिनं मांदेलीचं कालवण केलं. मी पहिला घास घेऊन सुरू झालो, "मांदेली ताजी आहे. कोकम बेताचं. मिरचीचा वास आधी..."

"गप्प बसा," ती म्हणाली.

तिनं पळीतला थेंब तळहातावर घेतला होता. तो चाटून ती तशीच बसली होती, हात तोंडाशी. मग तिनं माझ्या ताटातल्या रश्श्यात बोट बुडवलं आणि चोखलं. पुन्हा बुडवलं.

"अहो, हे खारट आहे."

मी भात कालवत राहिलो.

"खारट आहे हे! तोंडात घालवत नाही! तुम्ही खाताय कसं?" तिचा बसका आवाज चिरकला. "कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"रोज?"

"गुरुवारी वरण असतं तेव्हा जरा कमी."

"आणि एकदम बरोबर! नेमकं! तीन महिने माझ्या तोंडावर खोटं बोललात? गोदूबाईंनी खाल्लं ना? आयडानंही? सगळ्या चाळीत माझ्या हाताची अब्रू घालवलीत! सांगायला काय झालं होतं?"

ती ओरडत होती, आणि मला रडू फुटलं. हातातला घास तसाच ठेवून मी रडत होतो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, रविवारच्या दुपारी, दार उघडं, गॅलरीतून लोक जातायत. आवरायला जमलं नाही.

"आता रडताय काय? रडायला हवं मी!" असं म्हणत तिनं माझं ताट स्वतःपुढं ओढलं, मऊ भाताचा एक घास कालवला आणि तोंडात घातला. तो तिनं बराच वेळ चघळला. गिळला.

"भयंकर खारट झालंय," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.